पाच कॅमेरे आणि आईचा एक फोटो

नाही हो, खांद्याचं काय घेऊन बसलात! खांदा शेकला की बरा होतो. हे असं हात गळ्यात बांधून हिंडणंही चालतं, लोक उठून बसायला जागा देतात. पण "काय झालं हो?" असं विचारतात ना, तिथं माझी बोबडी वळते. पडलो म्हणावं तर पडलो नाही. कुणी मारलं म्हणावं तर... मारावंसं वाटणारे घरात आहेत, पण अजून कुणी हात उचललेला नाही. मग सांगावं लागतं, की कॅमेरे उचलले. माणूस हसतो! "कॅमेरा उचलून खांदा गेला?" अहो कॅमेरा नाही, कॅमेरे! सगळा घात त्या एका मात्रेनं केलाय!

पाच. पाच कॅमेरे. एका वेळी. दोन खांद्यांवर.

आता तुम्ही म्हणाल, हा कुणी मोठा फोटोग्राफर दिसतो. छे! मी कवळ्या करतो. हो, दातांच्या कवळ्या. दातांचे डॉक्टर मला जबड्याचा ठसा पाठवतात, मी साचा ओततो, मेणात दात बसवतो, घासतो, चकाकी आणतो. सव्वीस वर्षं झाली. गावातली अर्धी म्हातारी माणसं माझ्या दातांनी जेवतात, तुम्हाला सांगतो! तिथं माझा हात केसभर हलत नाही. आणि कॅमेरा हातात आला... म्हणजे कॅमेरे आले... की मला काहीच सुधरत नाही.

त्याचं कसंय, प्रत्येकाचा गुण वेगळा. थोरला म्हणजे काळी पेटी, वरून आत डोकावायचं, आत सगळं डावं ते उजवं, वजन लोखंडी इस्त्रीइतकं आणि रोलवर फोटो बाराच! पण ते बारा असे, की माणसाच्या पापण्या मोजाव्यात. त्याच्या पाठचा कृष्णधवल. त्याच्या पाठचा रंगीत. काय म्हणालात? एकाच कॅमेऱ्यात आधी हा रोल, मग तो रोल, असं नाही का चालत? वा! आमच्या हिचं आणि तुमचं चांगलं जमेल! अहो, छत्तीस फोटो संपायच्या आत मागचं झाकण उघडलं की रोलला उजेड लागतो, आणि उजेड लागला की सगळं वाया, होतं नव्हतं ते पुसलं! म्हणून दोन. चौथा झटपटवाला. बटण दाबलं की जीभ दाखवल्यासारखा फोटो बाहेर काढतो, पण पाकिटात कागद आठच. आणि पाचवा डिजिटल. तो कशाला? तर या चौघांनी दगा दिला म्हणजे! असू दे, लागला तर?

हेच ते वाक्य. याच वाक्यानं मी धुळीला मिळालो. असू दे, लागला तर?

आमची ही म्हणते, "सवत परवडली. सवत निदान आपल्या पायांनी चालते." शिवाय तो रोलवाला! त्याच्या दुकानात गेलं की तो आधी इकडे तिकडे बघतो, मग गल्ल्याखालून रोल काढतो आणि हळूच म्हणतो, "साहेब, हा शेवटचा हं. यापुढे येणार नाही. कंपनीनंच बंद केलाय." अकरा वर्षं झाली, अकरा वर्षं हा मला शेवटचा रोल विकतोय! आणि मी? मी तीन घेतो. शेवटचे तीन! आमच्या फ्रिजमध्ये भाजीच्या खणात भाजी मावत नाही, कारण तिथं शेवटचे रोल आहेत.

असो. तर आईचं सांगत होतो.

आईचं वय एक्याऐंशी. आणि या बाईचा धड एक फोटो नाही. घरात नऊ अल्बम आहेत, त्यांत आई आहे, पण सुटे भाग असल्यासारखी. एका फोटोत कोपर. एका फोटोत पाठ. एका फोटोत दाराआडून आलेला नुसता हात आणि हातात पाण्याचा तांब्या. कॅमेरा दिसला रे दिसला की ही वळलीच! "माझा कसला काढतोस, पोरांचा काढ." जन्मभर हेच. आणि बाबा गेले तेव्हापासून तर दीड वर्ष तिनं उंबराच ओलांडला नव्हता. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीत आई. जेवायला बोलावलं तर "ठेव झाकून". ताई येऊन रागवायची, आमची ही समजूत काढायची, मी तर काय... मी कवळ्या घासायचो.

आणि एक दिवस, तुम्हाला सांगतो, मी कामाच्या टेबलावर बसलोय, हातात कुणाचा तरी वरचा जबडा, आणि आई दारात येऊन उभी. म्हणाली, "अरे, माझा एक चांगला फोटो काढ."

माझ्या हातातून जबडा पडला!

"भिंतीवर लावायला," म्हणाली. "यांच्या शेजारी. मी गेल्यावर तुमची शोधाशोध नको. तुझ्या मावशीचं काय झालं, पाहिलंस ना?"

मावशीचं काय झालं, ते सांगतो. मावशी गेली तेव्हा एक फोटो मिळेना. शेवटी ओळखपत्रावरचा, टिकलीएवढा, तो मोठा करून आणला. त्यावर सरकारी शिक्का होता, 'तपासले' असा. फोटो कापला तेव्हा 'ले' बाहेर राहिलं. आता मावशी भिंतीवर आहे, आणि गालावर कायमचं लिहिलंय, 'तपास'. कशाचा तपास, कुणी करायचा, काही कळत नाही!

"मला तसं नको," आई म्हणाली. "आणि घरात नको. तळ्याकाठी जाऊ. तिथं झाडाखाली बाक आहे, हे आणि मी बसायचो तिथं. खिळा मी ठोकून घेतलाय परवा. सुतार खिडकीसाठी आला होता, त्याच्याकडून."

खिळा ठोकून घेतलाय! परवा! किती सहज म्हणाली! मला गलबलून आलं हो. दीड वर्षानं बाई स्वतःहून बाहेर पडू म्हणते, आणि म्हणते कशासाठी, तर... आणि त्याच क्षणी, खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी माझ्या डोक्यात काय आलं असेल? रंगीत काढावा, की कृष्णधवल?

लाज वाटते सांगायला. पण आलं.

शनिवारी दुपारपासून माझी बांधाबांध. सगळे कॅमेरे पलंगावर मांडले. ही कमरेवर हात ठेवून उभी. "अहो, आई एक. फोटो एक. खिळा एक. मग कॅमेरे किती?" मी म्हटलं, अगं, आईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कृष्णधवलमध्ये काय येतील! "मग तो घ्या." पण शालीचा रंग? "मग रंगीत घ्या." पण मोठा करायचा म्हटलं तर थोरलाच हवा! "मग थोरला घ्या ना, बाकीचे ठेवा." बरोबर होतं तिचं, शंभर टक्के बरोबर होतं. मी थोरला बॅगेत ठेवला, चेन लावली, आणि बाकीचे चौघं माझ्याकडे असे बघायला लागले, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखे... उघडली चेन. असू दे, लागला तर?

दोन बॅगा झाल्या. वर ट्रायपॉड. शिवाय उजेड मोजायचं यंत्र. अकरा किलो! मी वजनकाट्यावर उभा राहून बघितलं, आधी नुसता आणि मग बॅगांसकट. हिनंही बघितलं. बोलली असती तर परवडलं असतं.

रविवारी सकाळी ताई गाडी घेऊन आली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, शाळेत मुख्याध्यापिका होती, निवृत्त झाली पण आवाज निवृत्त झालेला नाही. आई तयार! ठेवणीतली जांभळी शाल, केस चापूनचोपून, कवळी धुऊन लख्ख. कवळी मीच केलेली, चार वर्षांपूर्वी, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम. तळ्यापाशी आम्ही चौघं उतरलो, ही पण होती, आणि गाडी लावतात तिथून बाक चांगला पाच-सहाशे पावलं लांब. पायवाट खडीची. आई दोन पावलं चालली आणि डगमगली.

"अरे, आईचा हात धर!" ताई ओरडली.

मी म्हटलं, "कुठल्या हातानं?"

बघा ना. या खांद्यावर बॅग, त्या खांद्यावर बॅग, या काखेत ट्रायपॉड, त्या हातात यंत्र. दीड वर्षानं आई बाहेर पडलीय, तिचा एकुलता एक मुलगा बरोबर आहे, आणि त्याला आईला द्यायला हात शिल्लक नाही! आईनंच मग शांतपणे माझ्या काखेतला ट्रायपॉड काढून घेतला, काठीसारखा टेकला आणि चालायला लागली. टक, टक, टक. समोरून फिरायला आलेले एक गृहस्थ थांबले, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "शोभतं का हो? या वयात त्यांना ओझं वाहायला लावता?" आता त्यांना काय माझ्या बॅगा उघडून दाखवू?

पोचलो एकदाचे. आई बाकावर टेकली. एका बाजूला जागा सोडून बसली, सवयीनं. आणि तुम्हाला सांगतो, उजेड! पानांतून गाळून आल्यासारखा, मऊ, थेट तिच्या गालावर. असा उजेड दहा मिनिटं असतो. वर्षातनं दोनदा. थोरला काढला, ट्रायपॉडवर ठेवायला गेलो, बसेना! का? तर खाली लावायची ती चौकोनी चकती रंगीतवाल्याला लावलेली. रंगीतवाला कुठाय? दुसऱ्या बॅगेत. चकती काढायला नाणं लागतं. नाणं कुणाकडे? ताईच्या पर्समध्ये. पर्स? गाडीत! नखानं फिरवली, नख गेलं. मग विचार आला, कृष्णधवल नक्की कुठल्या कॅमेऱ्यात भरलाय? मी चिठ्ठी चिकटवली होती. चिठ्ठी पडली होती. बॅगेत पडली असणार. म्हणून मी गुडघ्यावर बसलो आणि डोकं बॅगेत घातलं.

आणि मागून आई म्हणते, "बघ गं, बघ. लहानपणी पाहुणे आले की हा असाच पलंगाखाली शिरायचा. तोंड आत आणि एवढं मोठं ढुंगण बाहेर! आणि हे पाहुण्यांना सांगायचे, मुलगा घरात नाहीये!"

आणि हसली.

अहो, आई हसली! दीड वर्षानं! खळखळून, अगदी पोटातून! ताई हसतेय, ही हसतेय, आणि ही ओरडतेय, "काढा! अहो, काढा ना!" आणि मी डोकं बाहेर काढायला जातो तर बॅगेचा पट्टा कानात अडकलेला! सुटलो कसाबसा, हाताला लागला तो कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला, बटण दाबलं... सगळा काळोख. लेन्सवर झाकण!

झाकण काढेपर्यंत हसू संपलं होतं.

मी ते हसू पाहिलं नाही हो. मी ते ऐकलं. बॅगेतून.

म्हटलं, "आई, परत हस ना." "कशाला? झालं की हसून." "आई, फक्त एकदा." तर तिनं तोंडापुढे पदर धरला, खाली वाकली, आणि कवळी काढून हातरुमालात ठेवली! म्हटलं, आई, हे काय? फोटो काढायचाय! "थांब रे जरा. टोचतं. खालच्या बाजूला." कधीपासून टोचतंय? "केलीस तेव्हापासून."

चार वर्षं! तुम्हाला सांगतो, मी जिथे जाईन तिथे सांगत फिरलो, माझ्या आईची कवळी बघा, तक्रार नाही, कुरकूर नाही! म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणते, "एवढ्या कौतुकानं करून दिलीस तू." मी तिथंच खडीवर बसलो. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या आयांचे जबडे घासतोय, आणि माझी आई चार वर्षं एका बाजूनं जेवतेय.

तोवर आला ढग. आला म्हणजे काय, ठाण मांडून बसला! उजेड गेला, पण मी हटलो नाही, मी पेटलो. आईला कवळी घालायला लावली आणि थोरल्यानं काढला, कृष्णधवलनं काढला, रंगीतनं काढला, परत थोरला, "मान इकडे, हनुवटी वर, नको, खाली..." झटपटवाल्यानं जीभ काढली, आई म्हणाली ओला दिसतोय आणि शालीनं पुसला, त्याबरोबर स्वतःचं तोंडही पुसून टाकलं. डिजिटल काढला. बॅटरी भरलेली, एकदम ठणठणीत, आणि कार्ड? कार्ड घरी, कॉम्प्युटरमध्ये! असू दे, लागला तर म्हणून जो खास आणला, तो लागला तेव्हा रिकामा! ताई घड्याळ बघत म्हणाली, "तू दाढ काढतोयस का तिची?"

दीड तास. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला मी दीड तास बाकावर बसवलं. परत येताना तिचा हात ताईनं धरला.

आठवड्यानं सगळं हाती आलं. कृष्णधवलचं मला तिथंच समजायला हवं होतं. छत्तीस झाले, सदतीस झाले, एकोणचाळीस झाले तरी रोल संपेना! मी आपला खूश, केवढा दिलदार रोल! कसला दिलदार? रोल आत अडकलाच नव्हता, मी नुसतीच किल्ली फिरवत होतो. थोरल्याचं वेगळंच. कॅमेरे बदलण्याच्या नादात रोल पुढे सरकवायला विसरलो, त्यामुळे एका फोटोवर दुसरा. एकाच चौकटीत दोन आया. ताई म्हणाली, "एक सांभाळताना तुला हात पुरत नाहीत."

रंगीत मात्र आले. अकरा फोटो, स्वच्छ, खणखणीत. ते टेबलावर मांडले. आईनं चष्मा लावला, एकेक उचलून पाहिला, आणि म्हणाली, "ही कोण?"

मी म्हटलं, तूच की.

"ही भिंतीवर लावलीस तर आलेला माणूस आल्या पावली परत जाईल."

खरंच होतं. अकराही फोटोंत एक बाई बसली होती, जबडा आवळून, मुलगा काय सांगेल ते निमूट करत. ती माझी आई नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, आई, माझं चुकलं. तू आयुष्यात एकदा मागितलंस, आणि मी... तर फोटो गोळा करून तिनं माझ्या हातात दिले, म्हणाली, "राहू दे रे. परत जाऊ रविवारी. घाई काय आहे? चांगला निघेपर्यंत मी कुठे जात नाही."

आणि जेवायला काय आहे, असं विचारलं. स्वतःहून!

तर त्या रविवारपासून सुरू झालं ते. मी कवळी घासून नीट केली, ते आधी. मग दुसरा रविवार, तिसरा, चौथा... आई आता सात वाजताच शाल घेऊन दारात उभी. खडीवर ट्रायपॉड टेकत आमच्या पुढे चालते. फिरायला येणाऱ्या त्या गृहस्थांशी ओळख झाली, त्यांना माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगते, सगळ्या! फोटो काही ना काही होऊन बिघडतोच, त्यात मी कुणाला हार जाणार नाही. ही म्हणायची, "आतातरी एकच न्या." मी थोरला घ्यायचो, चेन लावायचो, चेन उघडायचो. असू दे, लागला तर? सहाव्या रविवारी खांद्यानं कट्ट असा आवाज केला. डॉक्टर म्हणाले, उचलायचं नाही. मी म्हटलं, बरं. सातव्या रविवारी एक बॅग हिनं उचलली, एक ताईनं. दोघी काय काय बोलल्या, ते जाऊ द्या.

आता शेवटचं सांगतो, पण आपल्यातच ठेवा.

थोरल्याचा रोल मी घरीच धुतो, न्हाणीघरात. काल दुपारी धुतला. वाळत टांगला, कवळ्या बघायचं भिंग घेतलं आणि एकेक बघत गेलो. पहिला हललेला. दुसरा काळा. तिसऱ्यात ताईचा अंगठा. आणि नववा...

आला होता हो! आई! शाल खांद्यावरून घसरलेली, मान जराशी मागे, डोळे मिटत आलेले, आणि ती पोटातून हसतेय! दात कसे, निगेटिव्हवर काळे दिसले तरी मोत्याच्या ओळीसारखे! पापण्या मोजाव्यात असा. उभ्या जन्मात मी असा फोटो काढलेला नाही, आणि हा मी काढला कधी, तेही आठवत नाही. मी तसाच स्टुलावर बसून राहिलो. भिंगातून बघत.

दारावर थाप पडली. ही म्हणाली, "अहो, निघाला का एखादा?" तिच्यामागून आईचा आवाज, "विचार, विचार त्याला, निघाला का चांगला?"

काय सांगायचं मी? ती काय म्हणाली होती, तुम्ही ऐकलंय. चांगला निघेपर्यंत.

मी तो रोल गुंडाळला आणि खिशात टाकला. दार उघडलं. म्हटलं, रोलला उजेड लागला. सगळा वाया गेला.

आई म्हणाली, "वाटलंच मला. मग रविवारी सातलाच ना?" ही म्हणाली, "अगदी वाटलंच." ताईला फोन गेला, ती पलीकडून म्हणाली, "मला तर केव्हाच वाटलं होतं!"

आणि तुम्हाला सांगतो... सख्खी माणसं हो, मला आतून-बाहेरून ओळखणारी... एकालाही, एका माणसालाही, तिळभर संशय आला नाही!